अ, ब आणि क यांची भागीदारी

कॉमर्सच्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात खरी माणसं तीनच येतात : अ, ब आणि क. ते कधी ३:२:१ या प्रमाणात नफा वाटून घेतात, कधी 'क' नव्यानं भागीदार होऊन ख्यातीचे पैसे रोख आणतो, आणि शेवटच्या प्रकरणात तर एखादा नादार ठरून आपला तोटा बाकीच्यांच्या डोक्यावर घालून मोकळा होतो. बी. कॉम.ची तीन वर्षं मी या तिघांची भांडणं सोडवण्यात घालवली. तेव्हा ज्या सिनेमातल्या मुलींची नावंच एको, बीको आणि सीको आहेत, तो सिनेमा खास माझ्यासाठी काढला आहे असं मला वाटलं, तर त्यात माझं काय चुकलं?

सिनेमा जपानी, कार्टूनचा. नाव 'प्रोजेक्ट एको', साल १९८६, दिग्दर्शक कात्सुहिको निशिजिमा. मी तो १९९७ साली पाहिला, एका मित्राच्या घरी. त्याचे काका बोटीवर होते आणि त्यांनी अमेरिकेहून कॅसेट आणली होती. तिकडची कॅसेट आणि इकडचा टीव्ही यांचं पत्रिकेत जमेना, त्यामुळे चित्र दिसायचं ते काळं-पांढरं. जपानी मुली इंग्रजीत बोलत होत्या आणि आम्ही मराठीत ऐकत होतो. तरी पोट दुखेपर्यंत हसलो. त्या वर्षी ती कॅसेट आम्ही किमान दहा वेळा पाहिली असेल.

मध्यंतरी कळलं, की या सिनेमाची मूळ फिल्म सापडत नाही अशी कित्येक वर्षं समजूत होती, ती सापडली आणि २०२१ साली अमेरिकेत स्वच्छ करून नव्यानं निघाली. म्हटलं, हरवलेलं लेजर सापडावं तसं झालं, आता बाकी जुळवून घेतलीच पाहिजे. एका रविवारी चिरंजीवांना शेजारी बसवून सिनेमा लावला. पहिल्याच मिनिटाला धक्का : एकोचे केस चक्क लाल! इतकी वर्षं मी तिला आपल्यातली समजत होतो.

दुसरा धक्का चिरंजीवांनी दिला. वय वर्षं सोळा. जपानी कार्टूनांचा त्यांचा अभ्यास एवढा, की तेवढा अकाउंटन्सीचा असता तर मी सत्यनारायण घातला असता. सिनेमा संपल्यावर म्हणतात कसे, "बाबा, हे सगळं ढापलेलं आहे." आणि मोबाईल चाळून यादीच वाचून दाखवली. नाव जॅकी चॅनच्या १९८३ सालच्या 'प्रोजेक्ट ए'वरून. तो झोकांड्या खाणारा परग्रहावरचा कप्तान म्हणजे लेइजी मात्सुमोतोच्या कॅप्टन हार्लॉकची टर. ती पैलवानी मुलगी 'फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार'मधल्या नायकाची नक्कल. आणि शेवटी दिसणारे एकोचे आईवडील म्हणजे सुपरमॅन आणि वंडर वुमन!

यादीतला फक्त सुपरमॅन मला तेव्हा ओळखता आला होता. हे मी प्रामाणिकपणे कबूल केलं, ती चूक झाली. चिरंजीवांनी लगेच विचारलं, "मग रेफरन्स माहीत नसताना तुम्ही हसलात कशाला?"

वाचकहो, हा प्रश्न एकट्या माझ्या चिरंजीवांचा नाही. हल्ली हसण्याआधी पात्रता-परीक्षा द्यावी लागते. विनोद झाला, की शेजारी एक विद्वान उभा असतो आणि विचारतो, "कुठून घेतलंय माहीत आहे का?" माहीत नसेल तर तुमचं हसणं चेकसारखं परत : 'कागदपत्रं अपुरी'. या मंडळींना एकदा उत्तर देणं भाग आहे.

आमच्या बँकेच्या स्नेहसंमेलनात एक सहकारी दर वर्षी साहेबांची नक्कल करतात. चष्मा नाकावर, पेन कानावर, "हे व्हाउचर कोणाच्या सहीनं पास झालं?" हा एकच प्रश्न सात सुरांत. आता सांगा, सगळ्यांत जास्त कोण हसतं? आम्ही नाही. आमच्या बायका-मुलं हसतात. त्यांनी साहेबांना जन्मात पाहिलेलं नसतं. पण साहेब कोणी पाहिलेला नाही? कोणाला शाळेत भेटलेला असतो, कोणाला सासरी. नक्कल एका साहेबाची असते, हशा सगळ्या साहेबांवर होतो.

आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' घ्या. 'केशवकुमार' या नावानं त्यांनी रविकिरण मंडळातल्या कवींची यथेच्छ थट्टा केली. त्या मंडळातल्या किती कविता तुम्ही-आम्ही मन लावून वाचल्या आहेत? तरी 'झेंडू' वाचून हसलोच की! चांगलं विडंबन मूळ कवितेच्या खांद्यावर बसून जत्रेला येतं, पण परत स्वतःच्या पायांनी जातं. जे परत जाऊ शकत नाही, ते विडंबन कच्चं. संदर्भ ठाऊक नसलेला प्रेक्षक हसला तर ती त्या प्रेक्षकाची अडचण नाही, त्या कलाकृतीची परीक्षा आहे, आणि ती पास झाली.

राहता राहिलं 'ढापलेलं'. यावर मात्र मी अधिकारानं बोलू शकतो, कारण माझी उमेद कॅश काउंटरवर गेली आहे. नकली नोट म्हणते, "मी अस्सल आहे." तिचा सगळा जीव लपण्यात असतो. विडंबन काउंटरवर येताच सांगतं, "साहेब, मी कोणाची नक्कल आहे ते ओळखा पाहू!" पहिलीला आम्ही शिक्का मारून जप्त करतो. दुसरीला तोच शिक्का मारणारा कारकून आमच्याकडे तरी कन्फर्म होणार नाही.

आता जमेची बाजू सांगितली तशी नावेची बाजूही सांगतो, नाहीतर ताळेबंद खोटा ठरेल. मारामाऱ्या लांबल्या आहेत. हा सिनेमा आधी प्रौढांसाठीच्या एका मालिकेचा भाग म्हणून योजला होता. त्या बेतातलं बीकोच्या आंघोळीचं एक दृश्य उरलं आहे. १९९७ साली तिथे आम्ही दाराकडे बघायचो, कोणी येतंय का म्हणून. यंदा चिरंजीव आणि मी दोघांनी एकदम मोबाईल उचलला. ते दृश्य कापलं असतं तर सिनेमाचं कवडीचंही नुकसान नव्हतं.

पण चिरंजीवांचा शेवटचा आरोप होता, "यात डेप्थ नाही." इथे मात्र मी गप्प बसलो. पटलं म्हणून नव्हे.

गोष्ट एवढीशी आहे. एको आणि सीको जिवलग मैत्रिणी. एकोच्या अंगात राक्षसी ताकद, आणि ती सगळी शाळेला उशीर झाला म्हणून धावण्यात खर्च होते. सीको रडूबाई. बीको श्रीमंत आणि हुशार. तिला सीकोची मैत्री हवी आहे, म्हणून ती एकोला हरवण्यासाठी एकाहून एक यंत्रं बांधते. वर परग्रहावरचं जहाज येतं, आकाशातून क्षेपणास्त्रं सुटतात, एको त्यांच्यावर पाय देत देत वर चढते, शहराची धूळधाण होते. आणि दुसऱ्या दिवशी? पुन्हा शाळा, पुन्हा उशीर. जग बुडालं तरी हजेरी चुकत नाही, हे सत्य मला मस्टरवर लाल रेघ पडल्यावर समजलं. या लोकांनी ते आधीच चितारून ठेवलं होतं.

पण त्या रविवारी मी बघत होतो बीकोकडे. एवढी यंत्रं, एवढा पैसा, एवढी अक्कल, आणि मागणी काय? 'मलाही तुमच्यात घ्या.' पार्टनरशिपच्या पुस्तकात याला 'भागीदाराचा प्रवेश' म्हणतात आणि सहा मार्कांना विचारतात.

आम्हीही तिघं होतो. नावं सांगत नाही. मी अ, माझा जिवलग दोस्त क. आणि ज्याच्या घरी व्हीसीआर होता तो ब. तो नवनवीन कॅसेटी मिळवायचा, त्याची आई पोहे करायची, आम्ही खायचो, हसायचो आणि सिनेमा संपला की दोघं उठून नाक्यावर जायचो. "चल" असं त्याला एकदाही म्हटल्याचं आठवत नाही. दहा वेळा तो सिनेमा पाहिला, दहा वेळा बीकोच्या फजितीवर हसलो, आणि ब शेजारीच बसून आमच्याबरोबर हसत होता. ही नोंद इतकी वर्षं सस्पेन्स खात्यात पडून होती. गंभीर सिनेमा असता तर मी सावध बसलो असतो, डोळे पुसून घरी गेलो असतो आणि विसरलो असतो. थट्टेच्या सिनेमासमोर माणूस बेसावध असतो. म्हणून तिचा वार खोल जातो, भले तो कळायला पाव शतक लागो. डेप्थ म्हणजे आणखी काय असतं मला माहीत नाही.

रात्री नंबर शोधून ब ला फोन केला. सिनेमाचं नाव सांगितलं. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "कॅसेट आहे रे अजून. पण व्हीसीआर कधीच भंगारात दिला."

मी म्हटलं, "असू दे. तरी येतो."

"नुसताच?"

"नुसताच. मग नाक्यावर जाऊ."

चिरंजीव ऐकत होते. "यात हसण्यासारखं काय आहे, बाबा?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही रडताय काय?"

मी त्यांना सांगितलं, "रेफरन्स माहीत नसला तरी चालतो."