रस्ता दाखवणारे यंत्र की पाळत ठेवणारे यंत्र?

आज आपल्या वस्तीतला तरुण नोकरीची वाट पाहत बसलेला नाही. तो कर्ज काढून टेम्पो घेतो, टुरिस्ट परमिटची गाडी घेतो आणि घर चालवतो. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु गाडी ताब्यात मिळण्याआधीच त्याला सांगितले जाते, 'जीपीएस बसवून टाका.' तोही मान डोलावतो. जीपीएस म्हणजे नेमके काय, ते कोणासाठी बसते आणि त्याचा मालक कोण, हे प्रश्न विचारले जात नाहीत. विचारले पाहिजेत. कारण या एका शब्दाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक यंत्र चालकाला सांगते, 'तू कुठे आहेस.' दुसरे यंत्र इतरांना सांगते, 'हा कुठे आहे.'

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह व्यवस्था. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून तीसच्या आसपास उपग्रह संकेत पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपले ठिकाण काढते. सामान्य नागरिकांना मिळणारा संकेत अमेरिका मुद्दाम बिघडवून देत असे. ते २ मे २००० रोजी बंद झाले आणि मगच गाडीत ठेवायचे यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी ठरले. भारताने 'नाविक' ही स्वतःची व्यवस्था उभारायला घेतली आणि तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जीपीएसचा भाग फक्त ऐकतो, बोलत नाही. आपली माहिती बाहेर जाते ती सिमकार्डामुळे आणि इंटरनेटमुळे. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की यात सिम आहे का, आणि असेल तर माहिती कोणाकडे जाते?

रस्ता दाखवणारे वेगळे यंत्र घ्यावे काय? शहरात गाडी चालवणाऱ्याला त्याची गरज नाही. हातातला मोबाईल आणि एक मजबूत स्टँड पुरेसा आहे. नकाशा आधी उतरवून ठेवला तर मोबाईलला रेंज नसतानाही ठिकाण कळते. मेळघाटात, गडचिरोलीत, धडगावच्या डोंगरात जाणाऱ्यांनी हे जरूर करावे. जो रोज लांब पल्ल्याला जातो, ज्याचा मोबाईल सतत भाड्याच्या फोनवर अडकलेला असतो, किंवा जो ट्रक चालवतो, त्याने वेगळे यंत्र घेण्याचा विचार करावा. ट्रकवाल्याने गाडीची उंची आणि वजन लक्षात घेऊन रस्ता देणारेच यंत्र पाहावे. ट्रकची बॅटरी बहुधा २४ व्होल्टची असते, यंत्राला ती चालते का हेही विचारावे. नकाशा नवा करून मिळणार का, किती वर्षे आणि फुकट की पैसे घेऊन, हे बिलावर लिहून घ्यावे. जुना नकाशा असलेले यंत्र स्वस्तात मिळाले तरी ते महागच पडते.

आणि विकत घेण्याआधी एक परीक्षा जरूर घ्या. यंत्रात आपल्या वस्तीचे नाव टाकून पाहा. हमरस्ता असतो, मॉल असतो, मंदिर असते. आपली वस्ती आहे का? असेल तर कोणत्या नावाने आहे? वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागदावर नाव बदलले म्हणून नकाशात आपोआप बदलत नाही. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. रात्री रुग्णवाहिका बोलावली आणि चालकाला वस्ती सापडली नाही तर जीव जातो. मोबाईलच्या नकाशात चुकीचे नाव दुरुस्त करण्याची सूचना कोणालाही पाठवता येते. आपल्या सुशिक्षित तरुणांनी प्रत्येक वस्तीसाठी हे काम हाती घ्यावे. त्याला पैसा लागत नाही.

यंत्र घेतले म्हणून डोळे मिटून चालत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गाडी गेली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी रामगंगेच्या पात्रात कोसळली आणि तिघे मेले. तेथे बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवला गेला. रस्ता बंद आहे हे सांगणारा अडथळा उभा करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. ते टळत नाही. पण गुन्हा नोंदवल्याने गेलेला माणूस परत येत नाही. दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावकडे आणि ६ डिसेंबरला दादरकडे जाणारी वाहतूक पोलीस वळवतात. अशा दिवशी नकाशाचे नव्हे, पोलिसांच्या सूचनेचे ऐकावे.

कायदाही माहीत असू द्या. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातले उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येते, तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. अन्यथा मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ लागते. त्यात पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही आहे. म्हणून ठिकाण निघण्यापूर्वी टाकावे आणि स्टँड नजरेच्या आड येणार नाही असा लावावा.

आता दुसऱ्या यंत्राकडे वळू. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांना, रिक्षा वगळता, ठिकाण कळवणारे यंत्र आणि संकटाचे बटण सक्तीचे झाले आहे. महिला प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ते असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण कर्ज देणारा गाडीत आपले यंत्र बसवतो आणि हप्ता चुकला की दुरूनच गाडी बंद करतो, तेव्हा काय? गुंड पाठवून कर्जाची गाडी ओढून नेण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कडक ताशेरे ओढले होते. आता गुंडांची गरजच उरली नाही, बटण पुरते! भर घाटात, प्रवासी बसलेले असताना गाडी बंद पडली तर जबाबदार कोण? कर्जाच्या करारावर सही करण्याआधी ही अट शोधा. सापडली तर लेखी खुलासा मागा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या.

पाळतीचे हे यंत्र आधी कोणाच्या अंगावर चढते तेही पाहा. नागपूर, चंदीगड येथील महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. गटारात उतरणाऱ्याला हातमोजे वेळेवर मिळत नाहीत, पण घड्याळ मिळते! साहेबांच्या मनगटावर ते का नाही?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ८ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. जामिनावर सुटलेल्या आरोपीने आपले नकाशावरील ठिकाण पोलिसांना कळवत राहावे, अशी अट कलम २१ च्या विरुद्ध ठरवली. आरोपीला जे संरक्षण आहे ते इमानदारीने घाम गाळणाऱ्या चालकाला आणि सफाई कामगाराला नसावे काय?

यंत्र जरूर घ्या. पक्के बिल घ्या. फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तेथे शुल्क लागत नाही, आणि १९१५ या क्रमांकावर आधी तक्रारही करता येते. रस्ता कोणता हे यंत्राने सांगावे. आपण कुठे आहोत हे कोणाला कळू द्यायचे, ते ठरवण्याचा अधिकार मात्र संविधानाने आपल्याला दिला आहे. तो फुकटच्या यंत्रासोबत सही करून देऊ नका.