कुपवाडच्या मशीन शॉपमध्ये बाई का नको?

कुपवाड एमआयडीसीत मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली मुलगी नोकरी मागायला गेली, की तिला बहुधा क्वालिटीत, स्टोअरमध्ये नाहीतर ऑफिसात बसवतात. मशीनवर का नाही, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: काम जड आहे, रात्रपाळी असते, आणि लग्न झालं की ती सोडून जाणार.

जड कामाचं कारण निदान सांगली जिल्ह्यात तरी कुणी सांगू नये. इथल्या फडात बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा तिच्या ताकदीचा विषय कुणी काढत नाही. सीएनसी मशीनवर जड जॉब चढवायला होइस्ट असतो. तिथं लागतं ते ड्रॉइंग वाचणं, ऑफसेट देणं, मायक्रोमीटर नीट धरणं.

रात्रपाळीची अडचण खरी होती. 1948 च्या कारखाना कायद्यातलं कलम 66 स्त्रियांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामाला मनाई करत होतं. मद्रास उच्च न्यायालयाने 2000 मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं, आणि महाराष्ट्रानेही पुढे सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. आणि रात्री येणं जमत नाही म्हणून दिवसाचं मशीनही द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

राहिलं सोडून जाणं. चाकणला जास्त पगार मिळाला की मुलगेही जातात. पण त्यासाठी त्यांना मुलाखतीत कुणी अडवत नाही. बाईला नोकरी सोडावी लागते ती बहुतेकदा मूल कुठं ठेवायचं, या प्रश्नापायी. कारखाना कायद्यातली पाळणाघराची सक्ती 30 पेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथंच होती. कुपवाडच्या छोट्या युनिटांत तो आकडा भरायचा कधी? पाळणाघर नाही म्हणून बायका टिकत नाहीत, आणि बायका कमी म्हणून पाळणाघर नाही.

1974 मध्ये टेल्को या टाटांच्या वाहन कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्याच्या कारखान्यात त्या अभियंता म्हणून रुजू झाल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात स्त्रिया मोटारींची जोडणी करतात. सांगलीच्या विश्रामबागेत 1947 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असलेल्या आपल्या भागाने मागे का राहावं?

मातृत्व लाभ कायद्यात 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला सामायिक पाळणाघराची मुभा होती. छोट्या युनिटांनीही वर्गणी काढून तसंच करावं. कृष्णा व्हॅली चेंबर या उद्योजकांच्या संघटनेने पुढाकार घेऊन एमआयडीसीत असं एक पाळणाघर आणि मिरज-सांगलीहून पाळीच्या वेळेची एक बस सुरू करावी, आणि कारखान्यांनी पुढच्या भरतीत ऑपरेटरच्या जागेसाठी मुलींचीही ट्रायल घ्यावी.