तपासलेली मुले मोजली, उपचारापर्यंत पोहोचलेली कोण मोजणार?

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ ही मोहीम सुरू केली. शून्य ते अठरा वर्षांच्या सर्व मुलामुलींची आरोग्य तपासणी हा तिचा उद्देश होता. अशा मोहिमा आल्या की किती शाळा, किती अंगणवाड्या आणि किती मुले तपासली, याचे आकडे जाहीर होतात. तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक प्रश्न सतत पडतो. ज्या बाळाच्या विकासात अडचण दिसली, त्याचे पुढे काय झाले?

आमच्या पाहण्यातला एक मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. हाक मारली तरी वळून बघत नाही, बोलत नाही. तो दोन वर्षांचा असताना पथकाने अंगणवाडीत त्याला तपासले आणि जिल्ह्याला नेण्याची चिठ्ठी दिली. आई-वडील दोघांची रोजी बुडवून एकदा गेले. त्या दिवशी कानाची तपासणी करणारे कोणी जागेवर नव्हते. पुन्हा जाणे झाले नाही. नोंदवहीत मात्र ‘तपासणी पूर्ण, संदर्भित’ असा शेरा आहे. म्हणजे कागदावर हे काम यशस्वी झाले.

ज्या कार्यक्रमातून ही तपासणी होते, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजेच आरबीएसके. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरमधून झाली. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार बाबी त्यात तपासल्या जातात. नवजात बाळाला दवाखान्यात किंवा आशाताईंच्या गृहभेटीत पाहायचे, अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करायची, अशी रचना आहे. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. अडचण दिसली तर मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये पाठवायचे. तिथले उपचार मोफत आहेत. योजना म्हणून ही मांडणी चांगलीच आहे.

अडचण चौथ्या बाबीत आहे. हृदयाला छिद्र असेल तर एक शस्त्रक्रिया होते आणि त्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात येतो. रक्तक्षयाला गोळ्या देता येतात. पण उशिरा बोलणारे, उशिरा चालणारे किंवा स्वमग्न मूल एका दिवसात बरे होत नाही. त्याला महिनोन् महिने वाचा उपचार, फिजिओथेरपी आणि विशेष शिक्षकाची गरज असते. फिरते पथक आणि शिबिर ही पद्धत पहिल्या तीन बाबींना बऱ्यापैकी चालते, चौथीला ती अपुरी पडते. आणि वेळ तर थांबत नाही. ऐकू न येणाऱ्या बाळाची चाळणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा जगभर मानला जाणारा निकष आहे. आमच्याकडच्या त्या मुलाची पहिली चिठ्ठीच दोन वर्षांनी निघाली.

हा प्रश्न थोड्या घरांचा आहे, असेही नाही. देशातील पाच भागांत झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की २ ते ९ वर्षे वयाच्या साधारण आठपैकी एका मुलात मेंदूच्या विकासाशी संबंधित कोणती ना कोणती अडचण आढळली. त्यात कुपोषणाची भर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. पोषण, स्वच्छ पाणी आणि आईची विश्रांती ज्यांच्या वाट्याला कमी येते, त्या वस्त्यांत हा धोका जास्त असणार, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय तपासणीच्या जाळ्यातूनही मुले निसटतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातील मूल पथक येते त्या दिवशी गावात नसते. आरबीएसकेचा भर अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांवर आहे. त्यामुळे पोट मारून मुलाला गल्लीतल्या खासगी इंग्रजी केजीत घालणारे आपले कितीतरी पालक या तपासणीबाहेर राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात चाळणी तपासणीची तत्त्वे मांडली होती. निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे, हे त्यातले एक महत्त्वाचे तत्त्व. ती सोय नसेल तर आपण आईच्या हातात उपचाराऐवजी फक्त चिंता देतो. म्हणून या कार्यक्रमाचे मूल्यमापन ‘किती तपासले’ यावर थांबू नये. किती मुले संदर्भित झाली, त्यांपैकी किती केंद्रात पोहोचली, किती जणांचे उपचार निदान सहा महिने सुरू राहिले आणि केंद्रातील किती पदे रिकामी आहेत, हे चार आकडे तालुकानिहाय जाहीर झाले पाहिजेत.

दोष पालकांवर किंवा आशाताईंवर ढकलणे सोपे असते. पण आई आणि बाळाच्या आरोग्याचा भार एकट्या कुटुंबाने का वाहावा? १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. तीच आपली आजची भूमिका असली पाहिजे.

एक काम मात्र आपल्या घरातलेही आहे. ‘मंद आहे’, ‘मागच्या जन्माचे भोग’ असे आपल्या वस्तीतही ऐकू येते. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला हाकलले नाही. त्याला जमेल असे साधन दिले, एक स्वच्छ कापड. शिकवण्याची पद्धत बदलली आणि तोच चूळपंथक अर्हत झाला. धम्म सांगणाऱ्या समाजाने मुलावर शिक्का मारणे शोभत नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात पालकांशी यावर बोला. नऊ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल किंवा दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर वाट न पाहता आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला दाखवायला सांगा. ज्यांना चिठ्ठी मिळाली आहे त्यांची यादी करा आणि पहिल्या खेपेला सोबत जा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढायला मदत करा. वर दिलेले चार आकडे माहितीच्या अधिकारात मागा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.

त्या साडेतीन वर्षांच्या मुलासोबत पुढच्या आठवड्यात आमच्यातले दोघे जिल्ह्याला जाणार आहेत. तुमच्या वस्तीतही असे एखादे मूल असेल. आधी त्याचे घर शोधा.