विश्लेषण : अँजिओप्लास्टीनंतरचे छिद्र हाताने दाबायचे की ‘डिव्हाइस’ने बुजवायचे?

शहागंजच्या घड्याळ टॉवरभोवती दिवसभर उभे राहून माल विकणाऱ्याला अँजिओप्लास्टी झाली, की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘उठायचे कधी?’ उत्तर बरेचसे धमनीला पाडलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रावर अवलंबून असते. जांघेतून प्रक्रिया झाली, तर ते बंद करण्यासाठी ‘क्लोजर डिव्हाइस’ सुचवले जाते. ते घ्यावे का?

पर्याय कोणते?

जुनी पद्धत हाताने दाबण्याची. नळी काढून 15-20 मिनिटे घट्ट दाब द्यायचा आणि मग चार-सहा तास पाय न वाकवता झोपायचे. कंबर दुखते, लघवीचीही पंचाईत होते.

डिव्हाइस मुख्यतः दोन तऱ्हांची. ‘अँजिओ-सील’ धमनीच्या आत लहान पट्टी आणि बाहेर कोलॅजनचे बूच बसवते. हे सारे साधारण 90 दिवसांत विरघळते. ‘प्रोग्लाइड’ धमनीला टाका घालते. त्याचा धागा विरघळत नाही. धमनीत चुना साचला असेल किंवा ती फार बारीक असेल, तर डिव्हाइस टाळावे लागू शकते.

जास्त सुरक्षित काय?

जर्मनीत 4,524 रुग्णांवर झालेला ‘इसार-क्लोजर’ अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. अँजिओग्राफीनंतर डिव्हाइस वापरलेल्यांपैकी 6.9 टक्के, तर हाताने दाबलेल्यांपैकी 7.9 टक्के रुग्णांना छिद्राच्या जागी गुंतागुंत झाली. म्हणजे डिव्हाइस कमी पडले नाही, पण फार पुढेही गेले नाही. खरा फरक वेळेचा होता : रक्त थांबायला साधारण 10 मिनिटांऐवजी एक मिनिट.

झडप बदलताना छिद्र बरेच मोठे असते. तिथे डिव्हाइसची गरज वेगळीच. तिथेही महाग किंवा नवे तेच चांगले, असे नाही. 516 रुग्णांच्या ‘चॉइस-क्लोजर’ अभ्यासात बुचाच्या ‘मँटा’मध्ये गुंतागुंत 19.4 टक्के, तर टाक्याच्या ‘प्रोग्लाइड’मध्ये 12 टक्के होती.

मग मनगट का नाही?

मनगटातून प्रक्रिया झाली, तर हवेचा पट्टा पुरतो आणि रुग्ण लवकर उठून बसतो. 8,404 रुग्णांच्या ‘मॅट्रिक्स’ अभ्यासात या मार्गाने मोठा रक्तस्राव कमी झाला. म्हणून ‘कोणते डिव्हाइस?’च्या आधी ‘मनगटातून जमेल का?’ हे विचारायला हवे.

बिलाचे काय?

स्टेंटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. क्लोजर डिव्हाइसवर नाही. डिव्हाइस आराम देते, खाट लवकर मोकळी करते. पाठदुखीच्या किंवा सरळ झोपू न शकणाऱ्या रुग्णाला त्याचे मोल मोठे आहे. पण सोय आणि जीवरक्षण यांत गल्लत नको. कॅथलॅबच्या दारात, घाबरलेल्या नातेवाइकाकडून सही घेऊन हा निर्णय होऊ नये. आदल्या दिवशी कारण आणि किंमत सांगावी, बिलात नाव स्वतंत्र लिहावे.

घरी गेल्यावर?

डिव्हाइसचे कार्ड जपून ठेवावे. पुन्हा त्याच जागी छिद्र करायचे झाल्यास डॉक्टरांना ते लागते. रक्त आले तर आडवे होऊन जागा घट्ट दाबावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे. सूज वाढली किंवा पाय गार, बधिर पडला, तरी थांबू नये. छिद्र कशानेही बुजवलेले असो, ही काळजी चुकत नाही.