गिधाडे पाहायला स्पेनला

दिवाळीच्या अंकात गिधाडाचे नाव काढावे की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. घरातून तर विरोधच होता. "सणासुदीला तुम्हांला दुसरा पक्षी सुचत नाही का?" असे ऐकवण्यात आले. पण सीतेसाठी पंख छाटून घेणारा जटायू गिधाडच होता, एवढ्या आधारावर लिहायला बसलो आहे.

दक्षिण युरोपात पक्षी पाहायला कुठे जावे, असे हल्ली बरेच जण विचारतात. फ्रान्समधल्या कामार्गच्या पाणथळीत रोहित आहेत. स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफा येथे, उन्हाळा सरता सरता करकोच्यांचे आणि घारी-गरुडांचे थवे समुद्रधुनी ओलांडून आफ्रिकेला जातात. दोन्ही ठिकाणे उत्तमच. पण मुलाबाळांसह निघालेल्याला मी पश्चिम स्पेनमधला एस्त्रेमादुरा प्रांत सुचवीन.

गेल्या एप्रिलात आम्ही माद्रिदला मुलीकडे गेलो होतो. तिथून त्रुहियो हे गाव मोटारीने सुमारे २५० किलोमीटर. इंकांचे साम्राज्य बुडवणारा पिसारो इथलाच. चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. पण गावावर राज्य करकोच्यांचे! चर्चच्या मनोऱ्यांवर काटक्यांची मोठाली घरटी, आणि त्यांत नवराबायको मान मागे टाकून खडाखडा चोची वाजवीत आहेत. बैलांशी झुंजायच्या रिंगणाच्या कौलांखाली छोट्या ससाण्यांची वीण चाललेली. चौकात कॉफी घेत बसले, तरी पक्षी दिसतात.

दुसऱ्या दिवशी तासाभराच्या वाटेवरचे मोनफ्राग्वे गाठले. ताहो आणि तिएतार नद्यांच्या काठचे हे रान २००७ साली राष्ट्रीय उद्यान झाले. रस्त्यालगतच 'साल्तो देल हितानो' नावाची जागा आहे. मोटारीतून उतरायचे, कठड्याला टेकायचे. समोर नदीपलीकडे पेन्या फाल्कोनचा उभा कडा. पहाटे उठायची मुळीच गरज नाही. गिधाड जड पक्षी. ऊन तापून हवा वर चढू लागली, की तिच्यावर बसून तो वर जातो. दहाच्या सुमारास आरामात पोचावे.

आम्ही पोचलो तेव्हा कड्यावर नुसते ठिपके होते. मग एक सुटले, मागून दुसरे, आणि बघता बघता आकाश भरले. अडीच मीटर पसरलेले पंख न हलवता ती आमच्या डोळ्यांसमोरून, कधी पायांखालून जात होती. सावली अंगावरून सरकली, की नात आईला बिलगे. ग्रिफन जातीची गिधाडे तर शेकड्यांनी. शिवाय झाडांवर घरटी बांधणारी काळी गिधाडे, आणि कपारीत एक काळा करकोचा. आमच्या मंडळींनी चाळीसपर्यंत मोजली आणि मग मोजणे सोडून दिले.

तेवढ्यात नऊ वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, हे पक्षी आपल्याकडे का नाहीत?"

"होते गं," मी म्हणालो, आणि पुढे मला बोलवेना.

आमच्या गावाबाहेर ओढ्याकाठी मेलेली गुरे टाकीत. तासाभरात चिंचेवरून पन्नास-साठ गिधाडे उतरत आणि दिवस मावळायच्या आत हाडे पांढरी करीत. पुढे गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅकची सुई आली. आमच्या काकांच्या म्हाताऱ्या गाईला उठवत नव्हते. तालुक्याहून ती सुई मीच आणून दिली. गाय दोन दिवस सुखात होती, तिसऱ्या दिवशी गेली. तिला नेहमीच्याच जागी टाकले. त्या मांसातले औषध गिधाडाचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले तेव्हा मला ती सुई आठवली. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. गाईवर दया केली, ती चिंचेवरच्या पाखरांना भोवली.

जनावरांसाठी ते औषध आपण २००६ साली बंद केले. आणि नवल असे, की एवढी गिधाडे असलेल्या स्पेनने २०१३ साली त्याला परवानगी दिली! कॅटालोनियात एक काळे गिधाड त्यानेच दगावल्याचे २०२१ साली जाहीर झाले. मी नातीला सगळे सांगितले, सुईसुद्धा. ती बराच वेळ कड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग ह्यांना कुणीतरी सांगा ना!"

कुणाला जायचे असेल, तर मार्च ते मे हा काळ उत्तम. उन्हाळ्यात भाजून निघाल. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत काळे करकोचे भेटणार नाहीत, पण उत्तरेकडून आलेले क्रौंच शेतांत उतरलेले असतात. गिधाडे बाराही महिने. आठपट दिसणारी दुर्बीण पुरे. मोटार मात्र हवीच, आणि सोबत एखादे विचारणारे मूल.

आणि गावाकडे अजून गोठा असेल, तर गुरांच्या डॉक्टरांकडे मेलोक्सिकॅम मागा. ते गिधाडांना बाधत नाही. मला हे वीस-पंचवीस वर्षे उशिरा कळले; तुम्हांला वेळेवर कळावे, म्हणून सणाच्या दिवशी हे नाव काढले.