शब्दाची ओळख : स्केअर्सिटी

या महिन्याचा शब्द आहे 'स्केअर्सिटी'. आपल्या घरांत मराठी आणि उर्दू एकत्र नांदतात, त्यामुळे तो समजायला अवघड नाही. मराठीत टंचाई, उर्दूत किल्लत. वस्तू आहे, पण गरजेला पुरत नाही. अन्नावाचून माणसे मरू लागली की इंग्रजीत 'फॅमिन', उर्दूत कहत. पाऊस न पडणे म्हणजे 'ड्राउट'. मराठीत या दोन्हींना आपण दुष्काळच म्हणतो.

'शॉर्टेज' हा जवळचा शब्द. दुकानात चार दिवस साखर मिळाली नाही, तर ते शॉर्टेज. धुळे-जळगावच्या कोरडवाहू गावांत उन्हाळा आला की विहिरी आटतात आणि टँकरची वाट पाहावी लागते, ती 'वॉटर स्केअर्सिटी'. याच कुळातला शब्द 'स्केअर्सली', म्हणजे जेमतेम.

शब्दाच्या निवडीने काय फरक पडतो? महाराष्ट्राने १९६३ साली कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'फॅमिन' शब्द काढला आणि त्या जागी 'स्केअर्सिटी' घातला. शासन वेळीच मदत करते, म्हणून आता दुष्काळ पडणारच नाही, असे त्यामागचे म्हणणे. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. लाखो माणसे खडी फोडायला गेली, मुलांनी सुकडी खाल्ली. कागदावर ती टंचाई होती. खान्देशातले वडीलधारे आजही 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात.

आजही कागदावर 'दुष्काळसदृश' लिहिले की 'दुष्काळ', याकडे शेतकऱ्याचे लक्ष असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी मिळाली. म्हणून शासनाचा आदेश निघाला की त्यात कोणता शब्द आहे आणि आपल्या तालुक्याचे नाव आहे का, हे मुलांकडून वाचून घ्यावे.

टंचाईत थोडे तरी हाती असते, म्हणून वाटणी करता येते. पांझरा नदीवरची जुनी फड पद्धत हेच करत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडाफडांत जाई, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सगळे मिळून ठरवत आणि पाटकरी पाळीप्रमाणे पाणी सोडी. किल्लत निसर्गाने येते; तिचा कहत होऊ न देणे माणसांच्या हाती असते.