नॉर्वेला जायचं ना? मग जूनमध्येच जा

मैत्रिणींनो, हल्ली सहलींच्या जाहिरातींत नॉर्वे फार दिसतं. हिरव्या उजेडानं भरलेलं आकाश, खाली बर्फातलं लाल घर, आणि कोपऱ्यात ‘डिसेंबर विशेष सवलत’. आमच्या भिशीतल्या तिघींनी मला ती जाहिरात पाठवून विचारलं, जायचं का? तुम्ही दोघं जाऊन आलात, तुम्हीच सांगा. तर सांगते. साठीच्या पुढच्या माणसांनी नॉर्वेला जावं ते जूनमध्ये, त्यातही साधारण १० ते २५ तारखेच्या दरम्यान. आपल्यापैकी बहुतेकजणी एकदाच जाणार आहोत, तेव्हा महिना जाहिरातीनं ठरवू नये.

आधी सवलतीचं बघू, कारण बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकलेली बाई पहिल्यांदा तिथंच थांबते. ऑस्लोत डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. सूर्य सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये तोच दिवस जवळजवळ १९ तासांचा. आठ दिवसांची सहल धरली तर डिसेंबरात ४८ तास उजेड मिळाला, जूनमध्ये १५० तास. आता जूनची सहल दीडपट महाग धरा. तरी उजेडाचा एक तास डिसेंबरच्या निम्म्या भावात पडतो. डोंगर, दऱ्या आणि पाणी बघायलाच जायचं आहे ना? मग ते दिसायला तर हवं! व्हिसा, विमा, घरात राहणाऱ्यांची जेवणाची सोय हे खर्च दोन्ही वेळा सारखेच.

दुसरी गोष्ट जेवणाची. आपण सूर्यास्तापूर्वी जेवणारी माणसं. सूर्योदयानंतर दोन घटका आणि सूर्यास्तापूर्वी दोन घटका सोडायच्या म्हटलं, तर डिसेंबरात ऑस्लोमध्ये सकाळी दहानंतर खायचं आणि दुपारी अडीचच्या आत आवरायचं. सहलीच्या गाडीला हे कुठून जमणार? माझ्या जाऊबाई डिसेंबरात थेट ट्रोम्सोला गेल्या होत्या. तिथं २७ नोव्हेंबरच्या सुमारास मावळलेला सूर्य पुन्हा दिसतो तो १५ जानेवारीच्या आसपास. दुपारी थोडा वेळ निळसर संधिप्रकाश, बाकी अंधार. बिचाऱ्या रोज त्या संधिप्रकाशात कडक भाकरी आणि लसणाशिवायची शेंगाचटणी खाऊन घ्यायच्या, आणि सगळे रेस्टॉरंटमध्ये जेवत असताना नुसत्या बसायच्या. ज्या हिरव्या उजेडासाठी गेल्या, तो तिन्ही रात्री ढगांआड राहिला. त्याला कुणाचा इलाज नाही. किनाऱ्यावरचं गाव, ढग यायचेच. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तो उजेड दिसू शकतो, पण दिसेलच असं कुणी लिहून देत नाही.

जूनमध्ये मात्र बर्गनला सूर्य अकरा वाजून गेल्यावर मावळतो. सहलीचं साडेसातचं जेवण लख्ख उन्हात होतं. परदेशाच्या सहलीत कुणाला न थांबवता, डबा न उघडता, सगळ्यांबरोबर एका टेबलावर बसून मी जेवले ती तिथंच. बटाटा मात्र विचारूनच घ्या. त्यांच्या पातळ पोळीच्या काही प्रकारांतही बटाटा असतो.

यावर भिशीत एकीनं विचारलंच, ‘मग ट्रोम्सोला जूनमध्ये जाऊ, तिथं सूर्य मावळतच नाही, चोवीस तास खाता येईल!’ हसलो सगळ्या. खरंच तिथं २० मेपासून २२ जुलैच्या सुमारापर्यंत सूर्यास्त नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून हा खेळ. माझं म्हणणं असं, की तिथं गेलात तर घड्याळाकडे बघून घरच्या वेळेलाच जेवण संपवा. सूर्य वर आहे म्हणून रात्री अकराला आइस्क्रीम खायचं, याला मी त्याग म्हणणार नाही. तुमचं वेगळं मत असू शकतं.

गुडघ्यांचंही बघा. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात तापमान शून्याच्या आसपास वरखाली होतं. बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि रस्ता काचेसारखा होतो. तिथली माणसंसुद्धा बुटांखाली खिळ्यांचे पट्टे लावून चालतात. आपण सोलापूरच्या माणसांनी बर्फ फक्त गोळ्यात बघितलेला.

आता जूनच का, मे का नाही? १७ मे हा त्यांचा राज्यघटनेचा दिवस, १८१४ सालचा. मुलांच्या मिरवणुका निघतात, बायका भरतकामाचे पारंपरिक पोशाख घालतात. त्याच सुमारास हार्डांगरला सफरचंदाच्या बागा फुलतात. हे सगळं सुंदरच. पण तेव्हा आपल्याकडे शाळांना सुट्टी, विमानाचं तिकीट परवडत नाही, आणि ट्रोलस्टिगेनसारखे उंचावरचे घाट बर्फामुळे बहुधा बंद असतात. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्यांच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होतात आणि जुलैत तर सगळा देश सुट्टीवर जातो. या दोन गर्द्यांच्या मधली फट आपली. नातवंडांना शाळेत सोडून निघायचं.

डोंगरावरचा बर्फ तेव्हा वितळत असतो, त्यामुळे धबधबे भरून वाहतात. फ्लॉमची रेल्वे २० किलोमीटरांत समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या वर चढते आणि वाटेत शॉसफॉसेन धबधब्यापाशी थांबते. तिथं फलाटावर उभं राहिलं की तुषारांनी चष्मा भिजतो. बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो, पण मे-जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. शिवाय चातुर्मास लागायच्या आत घरी परतता येतं. चातुर्मासात आमच्याकडे लांबचा प्रवास करत नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्टचा प्रश्नच नव्हता.

तोटेही आहेत. झोप येत नाही. आमचे हे रात्री दोनला उठून ‘चहा झाला का?’ विचारत होते. डोळ्यांवरची पट्टी न्याच. ज्यांना आकाशातला हिरवा उजेडच बघायचा आहे, त्यांच्यासाठी जून निरुपयोगी. त्यांनी मार्चमध्ये जावं, तेव्हा दिवस-रात्र सारखे असतात, निदान जेवणाचे हाल होत नाहीत.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर जानेवारी-फेब्रुवारीतच कागद लावा. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर तांदूळ, मूगडाळ, मेतकूट आणि पाणी गाळायचं फडकं सोबत ठेवा. भाजी, दूध शनिवारी भरून घ्या, रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात. आणि जून म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.